काचेच्या खोलीतली मंडळी

तिला सगळे 'कात्री' म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत कुणाची नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. शिवणकाम हा तिचा धंदा आणि जीभ ही तिची दुसरी कात्री. धार दोन्हींना सारखीच. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, कापायचं लांब टेबल आणि भिंतीशी कापडाचे तागे, असा तिचा संसार. लग्न केलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "मापात बसणारा मिळाला नाही. सैल खूप होते."

दर रविवारी ती चर्चच्या गायनवृंदात गायची. तिचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला. वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांना ती 'शिट्ट्या' म्हणायची आणि त्या शिट्ट्यांची म्होरकी तिची सख्खी धाकटी बहीण होती. गायनवृंदाची जागा दाराच्या डोक्यावर, लाकडी सज्जात. गोल लोखंडी जिना चढून तिथे जावं लागे. त्या सज्जातून कात्रीला सगळी मंडळी वरून दिसायची. कुणाचं टक्कल वाढलंय, कोण प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून पुढच्या बाकावरच्या बाईचा कोट न्याहाळतंय, कोण उपदेशात पेंगतंय. इतक्या वर्षांत तिला वरून देव किती दिसला ते तीच जाणे, पण माणसं पुरेपूर दिसली, आणि तिचं त्यांच्याबद्दलचं मत फारसं चांगलं झालं नाही.

मग तिच्या मणक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली. गाठ गेली, पण जाताना कमरेखालचं सगळं घेऊन गेली. रडण्याभेकण्याचं जे काही होतं ते तिने हॉस्पिटलातच, तोंडावर उशी घेऊन उरकलं. घरी आल्यावर टेबलाचे पाय कापून घेतले, मशिनचं पायाचं पॅडल वर टेबलावर बसवून घेतलं आणि ते कोपराने दाबायला शिकली. सुरुवातीच्या शिवणी वाकड्या आल्या, त्या तिने स्वतःच उसवल्या. हळूहळू गिऱ्हाइकं परत आली. धंदा रांगेला लागला तसं तिने बहिणीला सांगितलं, "रविवारी मला न्यायला या."

चर्चच्या पुढच्या दाराला रुंद दगडी पायऱ्या होत्या. चार दणकट पुरुष धावून आले आणि त्यांनी कात्रीला खुर्चीसकट उचललं. घर बदलताना कपाट हलवतात तसं. "जरा डावीकडे घ्या," "हं, सांभाळून, कोपरा लागेल," "वरून धर रे." एकानेही तिला विचारलं नाही की बाई, उचलू का? वर नेऊन ठेवल्यावर चौघांनी कपाळाचा घाम पुसला आणि एकमेकांकडे असं पाहिलं, जणू आता स्वर्गात त्यांच्या नावाच्या खुर्च्या राखून ठेवल्या जाणार होत्या.

तिला मधल्या वाटेत, अगदी पुढे बसवलं. येणारा-जाणारा तिला वळसा घालून जाई आणि जाता जाता डोक्यावर हात ठेवी. जी माणसं काल-परवापर्यंत तिला वचकून असायची, तीच आता तिच्या केसांवरून हात फिरवत होती. एका बाईने तर तिच्या डोक्यावरून तिच्या बहिणीला विचारलं, "त्यांना चहा चालतो का हो?"

"चालतो," कात्री म्हणाली. "पाय गेलेत. घसा आहे अजून."

पाळकांनी त्या दिवशी तिचा खास उल्लेख केला. पाळक वयाने तरुण, मनाने बरे, पण बोलायला लागले की शब्दांवरचा ताबा सुटायचा. "आज आपल्या भगिनी पुन्हा आपल्यात आल्या आहेत," ते गहिवरून म्हणाले. "त्या म्हणजे श्रद्धेचं एक चालतंबोलतं..." आणि तिथे अडखळले.

"नुसतं बोलतं म्हणा," कात्री म्हणाली. तिचा आवाज मुळातच घुमणारा. तो शेवटच्या बाकापर्यंत गेला, पण हसलं कुणी नाही. दुःखी माणसाच्या विनोदाला हसणं पाप, असं त्या मंडळीत ठरलेलं होतं.

यानंतर एक समिती निघाली. तिचं नाव 'जिव्हाळा समिती' आणि अध्यक्ष कात्रीचे मेहुणे, म्हणजे धाकटीचा नवरा. मेहुण्यांचं बाथरूमच्या फरशांचं आणि नळांचं मोठं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. पण त्याला स्वतःचा चांगुलपणा फार आवडायचा आणि तो चांगुलपणा दुसऱ्यांना दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाही. समितीत पाच-सहा जण होते, सगळे धडधाकट. बैठका पहिल्या मजल्यावर व्हायच्या. कात्रीने एकदा विचारलं, "मला का नाही घेतलं?" तेव्हा मेहुणे कळवळून म्हणाले, "ताई, तुम्हाला कशाला जिने चढायचा त्रास?"

समितीने मागच्या दाराशी उतार बांधला. मागच्या दाराने आत जायचं म्हणजे भांड्यांच्या खोलीतून, फुलांच्या बादल्या आणि मोडक्या बाकांमधून वाट काढत जायचं. पुढच्या दाराशी का नाही, तर तिथला गुलाबांचा वाफा उखडावा लागला असता. बरं, उतारही असा, की बकरीलाही दोनदा विचार करावा लागेल. आणि त्यावर मेहुण्यांनी आपल्या दुकानातल्या सर्वांत देखण्या फरशा बसवून दिल्या. गुळगुळीत, चकचकीत, चेहरा दिसेल अशा.

उद्घाटनाला सगळी मंडळी जमली. फीत होती, फोटो काढणारा होता, पाळकांची प्रार्थना होती. आदल्या संध्याकाळी मेहुण्यांनी फरशा हौसेने धुऊन-पुसून घेतल्या होत्या. कात्रीला खुर्चीत बसवून त्यांनी स्वतः मागून धरलं.

"या फरशांवर पाय ठरतो का?" तिने विचारलं.

"ताई, पहिल्या प्रतीचा माल आहे."

"माल नाही विचारला. पाय विचारला."

"तुम्ही फक्त हसा. फोटो निघतोय."

निम्म्या चढावर मेहुण्यांचे नवे बूट घसरले. ते गुडघ्यांवर आले, हात सुटले. कात्रीने चाकं घट्ट आवळून धरली. चाकं थांबली, पण खुर्ची थांबली नाही. ती तशीच, अडकलेल्या चाकांनिशी, संथपणे मागे घसरत आली, मेहुण्यांना सोबत घेऊन. दोघं मिळून कुंड्यांच्या ढिगावर आदळली. फोटो काढणाऱ्याने सवयीने बटण दाबलं. कात्रीच्या कोपराचं साल निघालं. मेहुण्यांची पँट गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली.

मग कात्रीने मान वळवून त्या फाटक्या पँटकडे धंदेवाईक नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "उद्या पाठवून द्या. शिवून देते. शिवण दिसणार नाही. लाज दिसेल ती दिसेल."

दुसऱ्या दिवशी उतारावर दोरी बांधली गेली. तिथे पाटी लागली, 'घसरण आहे, सावध राहा.' उतार काढायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण फरशा महागाच्या होत्या.

मग समितीने दुसरी युक्ती काढली. सभागृहाच्या मागच्या बाजूला काचेची एक खोली होती. पूर्वी तान्ह्या बाळांच्या आयांसाठी बांधलेली. बाळाचं रडणं आतल्या आत, आणि बाहेरचा उपदेश स्पीकरवरून आत. तिला बाजूच्या गल्लीतून सपाट दार होतं. खोली रंगवली, पडदे लावले. पडद्यांचं कापड मेहुण्यांनी निवडलं, शिवले कात्रीनेच. पडदे कशासाठी हे तिला तेव्हा कळलं नाही. दारावर नाव लिहिलं, 'आपुलकी'.

"बघ ताई, तुझ्यासाठी किती छान सोय झाली," धाकटी म्हणाली.

"सोय कुणाची झाली, ते नीट बघ."

तरी काही आठवड्यांनी ती जाऊ लागली. घरी बसून राहणं म्हणजे हार मानणं, असं तिला वाटत होतं. खोलीत आधीपासून तिघं-चौघं होती. एक आंधळे गृहस्थ, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे एक्स्चेंजवाले म्हणत. ते धडधाकट पायांनी सज्जातदेखील चढले असते. पण त्यांच्या पांढऱ्या काठीची टकटक काहींना उपदेशात खुपली म्हणून ते इथे. दुसरे कानाने पार गेलेले छापखानेवाले. मशिनांच्या खडखडाटात उभी हयात गेली तेव्हा कान गेले. उपासना स्पीकरवर ऐकण्यासाठी समितीने या बहिऱ्या माणसाला स्पीकरखाली बसवलं होतं. त्यांनी ते फार शांतपणे घेतलं होतं. गीतपुस्तकाच्या आत एक जाडजूड रहस्यकथा घालून ते दर रविवारी एक-दोन खून उलगडायचे. आणि लायब्ररीत काम करणारी एक बाई, तिच्या थोराड, दाढी आलेल्या मुलाला घेऊन. तो बोलत नसे. त्याला गाणं सुरू झालं की आनंद व्हायचा आणि तो एकाच सुरात गुंजायचा. गाणं संपलं तरी गुंजणं संपत नसे.

कात्रीच्या मनात या सगळ्यांबद्दल अढी होती. ती त्यांच्याकडे पाठ करून, काचेला नाक लावून बसायची. मी यांच्यातली नाही, मी गायनवृंदातली, तात्पुरती इथे आहे, असा तिचा पवित्रा. लायब्ररीवाल्या बाईने तिला एकदा थर्मासमधला चहा पुढे केला. कात्री म्हणाली, "नको. मी इथे फार दिवस नाहीये."

"मीही असंच म्हणाले होते," बाई म्हणाली. "तेव्हा हा पाळण्यात होता."

कात्रीने चहा घेतला नाही, पण त्या रविवारी तिला एकही गाणं धड ऐकू आलं नाही.

पुढे एकदा स्पीकर बंद पडला. काचेपलीकडे पाळकांचे हात वर-खाली होताहेत, तोंड उघडतंय, मिटतंय, आणि आत नुसती पंख्याची घरघर. कात्रीने निरोप दिला. "बघतो," मेहुणे म्हणाले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

"हल्ली पाळक बरं बोलायला लागलेत," एक्स्चेंजवाले गंभीर चेहऱ्याने म्हणाले.

कात्री खो खो हसली. पाय गेल्यापासून ती असं हसली नव्हती. छापखानेवाल्यांनी पुस्तकातून मान वर करून काय झालं असं खुणेने विचारलं. लायब्ररीवाल्या बाईने त्यांच्यासमोर येऊन, ओठ सावकाश हलवत तोच विनोद पुन्हा सांगितला, तेव्हा तेही हसले. हसले तेव्हा कळलं की त्यांचं ओठ वाचणं किती चांगलं आहे, आणि पाळकांनी समोर येऊन, कागद तोंडाआड न धरता बोलायचं ठरवलं असतं तर निम्मा उपदेश त्यांना आरामात कळला असता. त्या दिवसापासून कात्रीची खुर्ची काचेकडून थोडी वळली. माणसं काही सोन्याची नव्हती. एक्स्चेंजवाले बढाईखोर होते आणि छापखानेवाले जेवल्यासारखे ढेकर द्यायचे. पण बाहेरच्यांपेक्षा त्यांच्यात एक गोष्ट बरी होती. ती कात्रीच्या डोक्यावरून हात फिरवत नसत.

प्रभुभोजनाच्या रविवारी बाहेरची सगळी मंडळी रांगेने पुढे जायची, वेदीच्या पायऱ्या चढून कठड्यापाशी गुडघे टेकायची. सगळं आटोपलं की मेहुणे एका तबकात उरलेले भाकरीचे तुकडे आणि इवलेसे प्याले घेऊन काचेच्या खोलीत यायचे, भराभर वाटायचे आणि जायचे. घाईत एकदा त्यांनी "प्रभूचं शरीर"च्या ऐवजी "घ्या, घ्या" म्हटलं होतं.

त्या दिवशी ते आलेच नाहीत.

काचेतून दिसलं, पाळकांनी हात उंचावून आशीर्वाद दिला. लोक उठले. कोट घातले गेले, गप्पा सुरू झाल्या. सगळ्यांच्या पाठी. लायब्ररीवाली बाई मुलाच्या मफलरची गाठ बांधू लागली.

"अहो, आपलं राहिलं," कात्री म्हणाली.

"राहतं कधीकधी."

"राहतं म्हणजे? याआधीही झालंय?"

"झालंय की."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

बाईने गाठ नीट केली. "पहिल्या वेळी ओरडले मी, तुम्ही यायच्या थोडं आधी, पडदे नवेच लागले होते तेव्हा. मोठ्याने ओरडले. बाहेर त्यांना वाटलं, हाच आवाज करतोय. कुणीतरी येऊन पडदा ओढून गेलं."

पडदा. कात्रीने स्वतःच्या हाताने शिवलेला, दुहेरी अस्तराचा, चुण्या मोजून घातलेला. तिने चाकं फिरवली, सभागृहाचं दार खुर्चीच्या पायटेकणीने ढकललं आणि मधल्या वाटेने थेट पुढे गेली. लोक तिच्यासाठी बाजूला सरत होते, हसून मान हलवत होते, कुणी हात पुढे केला डोक्यावर ठेवायला. वेदीच्या पायरीशी तिने खुर्ची वळवली.

"बसा," ती म्हणाली.

खालच्या पट्टीतला तो आवाज त्या भिंतींना ओळखीचा होता. अर्धे लोक नकळत बसले.

"उपासना संपलेली नाही. मंडळीतली काही माणसं जेवायची राहिलीत."

पाळकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तबकाकडे पाहिलं, मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुणे लगबगीने तिच्याजवळ येऊन वाकले. "ताई, चूक झाली. तुम्ही चला खोलीत, मी लगेच घेऊन येतो. उगाच सगळ्यांसमोर तमाशा..."

"तमाशा आम्ही दर रविवारी बघतो, काचेतून. आज तुम्ही बघा. पाळकसाहेब, इथे द्यायचं. याच वाटेत. आणि आशीर्वाद पुन्हा. आमचा स्पीकर बंद आहे."

"बंद आहे? कधीपासून?" पाळकांनी विचारलं.

"तुम्ही बरं बोलायला लागलात तेव्हापासून," मागून एक्स्चेंजवाले म्हणाले. ते काठी टेकत बाहेर आले होते. त्यांच्या मागून छापखानेवाले, काखेत रहस्यकथा. आणि लायब्ररीवाली बाई, मुलाचा हात धरून. मुलगा उंच छताकडे पाहत मोठ्याने गुंजत होता. इतकी वर्षं त्याने ते छत काचेतूनच पाहिलं होतं.

पाळक पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी शब्द पूर्ण म्हटले, एकेकाला, घाई न करता. छापखानेवाल्यांसमोर त्यांनी कागद बाजूला ठेवला. हे सगळं फार हृद्य झालं असं सांगायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. बरेच लोक चहा निवतो म्हणून हळूच सटकले. एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या गुंजण्याने कानावर हात ठेवून उभे राहिले. कात्रीने त्या सगळ्यांना नीट पाहून घेतलं.

संध्याकाळी धाकटी तणतणत घरी आली. दारातूनच सुरू झाली. "शोभतं का हे, ताई? ह्यांची किती मान खाली गेली! घरात आल्यापासून पाणीसुद्धा प्यायले नाहीत."

"फरशीवर पडले होते तेव्हा नाही गेली मान खाली?"

"तुला सगळ्यांना फाडायला काय मजा वाटते गं? सगळे तुझ्यासाठी झटताहेत आणि तू..."

"झटताहेत. मला एकदा विचारा, मग झटा."

धाकटी टेबलावर बसली. तिथे गायनवृंदाच्या नव्या झग्यांचं कापड पडलं होतं. चर्चच्या वाढदिवसाला सगळ्यांनी नवे झगे घालायचे होते, आणि ते कात्रीच शिवणार हे कुणी न विचारताच ठरलं होतं. धाकटीने कापडावरून हात फिरवला. "हे कधी देशील?"

"गायनवृंद खाली येईल तेव्हा."

"म्हणजे?"

"सज्जातून खाली. सभागृहात, जमिनीवर. मी येऊ शकेन तिथे. मापं मी गाणाऱ्याची घेते, आणि मी गाणारी आहे."

"वरून आवाज चांगला पडतो, ताई. तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे. तुला एक विचारते, खरं सांग. इतक्या महिन्यांत तुझ्या मनात एकदाही आलं नाही, की ताईसाठी आपण खाली उतरावं?"

धाकटीने कापडाची कड बोटांनी सरळ केली. मग कापडाकडेच बघत म्हणाली, "आलं होतं."

"मग?"

"वर असलं की बरं वाटतं. सगळे मान वर करून बघतात." तिचे डोळे भरून आले. "आणि तू नसताना कुणी चुका काढत नाही माझ्या."

कात्रीला राग यायला हवा होता. पण सबंध दिवसात कुणीतरी पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोललं नव्हतं. तिने रुमाल पुढे केला. "चुका काढणारच मी. पहिलं गाणं चढं लावतेस तू. स्पीकर चालू होता तेव्हा खोलीतसुद्धा कळायचं. मान ताणतेस."

समितीची पुढची बैठक काचेच्या खोलीत झाली. ती तिथे घ्यावी हा कात्रीचा हट्ट, आणि पाळकांनी तो उचलून धरला. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. कात्रीने काही भाषण केलं नाही. तिने फक्त बैठक सुरू असताना एकाला बाहेर सभागृहात पाठवून काहीतरी वाचायला लावलं आणि मेहुण्यांना विचारलं, "काय म्हणाला?" मेहुणे काचेकडे बघत राहिले. खोलीत गरम होत होतं. थोड्या वेळाने त्यांनीच टाय सैल केला आणि म्हणाले, "इथे गुदमरायला होतं हो."

"होतं ना?" लायब्ररीवाली बाई अगदी गोड आवाजात म्हणाली. समितीत आता ती होती, आणि छापखानेवालेही.

बदल झाले, पण रडतखडत. मागच्या उतारावरच्या चकचकीत फरशा उखडल्या, तेव्हा मेहुणे तिथे थांबू शकले नाहीत. पुढच्या दाराशी लांब, खरबरीत सिमेंटचा उतार आला. गुलाबांचा वाफा गेला, आणि त्या गुलाबांसाठी जेवढे उसासे टाकले गेले तेवढे काचेच्या खोलीतल्या माणसांसाठी कधी टाकले गेले नव्हते. प्रभुभोजन सगळ्यांनाच खाली, वाटेत उभं राहून मिळू लागलं. पाळक उपदेशाचा कागद छापखानेवाल्यांना आधी देऊ लागले. त्यांनी तो वाचून व्याकरणाच्या चुका लाल पेनाने काढून परत करायला सुरुवात केली. कानावर हात ठेवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मुलाबद्दल तक्रार केली. कात्रीने त्यांना काचेच्या खोलीतला पंख्याखालचा शांत कोपरा देऊ केला. ते तिथे गेले नाहीत. मुलाच्या शेजारी मात्र कुणी फारसं बसत नसे. अजूनही बसत नाही.

गायनवृंद खाली उतरला तो कुणाच्या मोठ्या मनाने नव्हे. झग्यांची वेळ जवळ येत होती, हे एक. आणि दुसरं, वृंदाच्या बैठकीत विषय निघताच निम्म्या बायका एकदम म्हणाल्या की जिना चढून त्यांचे गुडघे कधीचे कामातून गेलेत. वर्षानुवर्षं त्या दुखणं गिळून चढत होत्या, एकीने दुसरीला सांगितलं नव्हतं. कात्रीला ते ऐकून हसावं की कपाळ बडवावं कळेना.

सरावाच्या पहिल्या दिवशी ती आपल्या जुन्या जागी, खालच्या पट्टीवाल्यांत, खुर्ची लावून बसली. पहिली ओळ नीट गेली. दुसरी लांब ओळ सुरू झाली आणि मध्येच तिचा श्वास संपला. पोटाचे स्नायू साथ देत नव्हते. जी ओळ ती झोपेतही एका दमात म्हणायची, तिचा शेवट तिच्या तोंडातून हवेसारखा निसटला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि हे न पाहणं तिला डोक्यावरच्या हातापेक्षा जास्त बोचलं. एवढा सगळा गदारोळ करून मिळवलेल्या जागेवर ती फुटक्या फुग्यासारखी बसली होती. बाकी सगळ्या जगाची तिने टर उडवली होती. आता पाळी स्वतःची होती, आणि स्वतःला तिने काही कमी ऐकवलं नाही. आठवडाभर मशिनवर कोपर आपटत बसली.

"मी नाही येणार," तिने धाकटीला फोनवर सांगितलं.

"येऊ नकोस. झगे मात्र दे," धाकटी म्हणाली. आणि मग म्हणाली, "सगळ्याजणी मध्ये चोरून श्वास घेतात, ताई. एक घेते तेव्हा दुसरी धरून ठेवते. तू कधी घेतला नाहीस म्हणून तुला ते माहीत नाही."

कात्रीला हे खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती आपल्या जोरावर सगळी ओळ पेलतेय असं समजत आली होती. पुढच्या सरावाला ती गेली. शेजारची बाई लठ्ठ, कंटाळवाणी, नेहमी खोकल्याच्या गोळ्या चघळणारी. कात्रीला ती कधीच आवडली नव्हती. लांब ओळीच्या मध्यावर कात्री थांबली, श्वास घेतला, आणि त्या बाईने ओळ धरून ठेवली. कात्री पुन्हा आत शिरली. कळलं कुणालाच नाही. गोळ्यांचा वास मात्र येत राहिला.

वाढदिवसाला सगळे नव्या झग्यांत दिसले. त्यानंतर दुसऱ्या एका गावच्या चर्चने आमंत्रण पाठवलं, की तुमच्याकडे जे काम झालं ते आम्हाला येऊन सांगा. मेहुणे गाडी चालवत कात्रीला घेऊन गेले. वाटभर ते उताराची लांबी, सिमेंटचा खरबरीतपणा, दाराची रुंदी समजावून सांगत होते, जणू हे सगळं पहाटे उठून त्यांनीच शोधून काढलं होतं. कात्रीने खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलं.

तिथे व्यासपीठ होतं, आणि व्यासपीठाला पायऱ्या होत्या. मेहुणे वर गेले. ती खाली राहिली. "आमचा पहिल्यापासून असा विचार होता," मेहुणे सुरू झाले, "की देवाच्या घरात कुणालाही परकं वाटू नये."

शेजारी बसलेल्या तिथल्या एका कारभाऱ्याने भारावून कात्रीला विचारलं, "ही सगळी कल्पना ह्यांचीच ना?"

"हो तर," कात्री म्हणाली. "धक्का तेवढा माझा."

तो काही न कळता हसला. त्याच्या पलीकडे कुबड्या टेकवून बसलेली एक तरुण बाई मात्र खरोखर हसली. ती कात्रीकडे झुकून कुजबुजली, "आमच्याकडेही एक खोली आहे. दाखवू?"

"काच आहे?"

"नाही. तळघर आहे."

"चला," कात्री म्हणाली, आणि चाकं फिरवली. मागे मेहुण्यांचं भाषण चालूच होतं.